आपला ‘एकच प्याला’

मंडळाचा इतिहास मी पुन्हा सांगत बसत नाही. तळघरातली पहिली बैठक, बर्फामुळे पुढे ढकललेली संक्रांत, गणपतीसाठी शाळेचं सभागृह मिळवताना झालेली धावपळ हे सगळं दर स्मरणिकेत येऊन गेलं आहे. नाटकाबद्दल मात्र आपण ‘प्रयोग उत्तम झाला’ एवढ्यावरच भागवतो. यंदा थोडं जास्त लिहायची परवानगी संपादकांकडून मागून घेतली, कारण गेल्या वर्षी आपण ‘एकच प्याला’ उभं केलं.

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात या नाटकाचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व नायिका सिंधू झाले आणि गणपतराव बोडस तिचा नवरा सुधाकर. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांनी रचली. ज्याने हे लिहिलं त्याला ते रंगभूमीवर पाहायला मिळालं नाही. नाटकाने शंभरी ओलांडली, तरी आजही ते कोणी करायला घेतलं की पहिला प्रश्न येतो, ‘एवढं रडकं नाटक आता कोण बघणार?’ आपल्या कार्यकारिणीतही तो आलाच होता.

माझ्या मते हे नाटक रडकं नाही, कठोर आहे. संकट सगळ्यांवर येतं, पण त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस वेगळा असतो, हे गडकऱ्यांनी निर्दयपणे दाखवलं आहे. सुधाकर हुशार वकील, पण मानी. न्यायालयातल्या अपमानानंतर सनद रद्द होते आणि दारूबाज तळीराम पहिला प्याला पुढे करतो. इथे सुधाकर दारूच्या चवीने पडत नाही, अभिमान दुखावल्याने पडतो. पुढे तो सुटायचा मनापासून प्रयत्न करतो आणि काम मागायला जातो, तेव्हा समाजातले प्रतिष्ठित लोकच त्याला झिडकारतात. दुसऱ्यांदा पडलेला सुधाकर पहिल्यापेक्षा भयंकर असतो, कारण आता त्याला स्वतःविषयी आशाच उरलेली नसते.

तळीरामच्या मदिरा मंडळात, म्हणजे दारुड्यांच्या टोळक्यात, बसणारा भगीरथ मात्र सुधाकरचा मित्र रामलाल याच्या आधाराने वर येतो आणि माणसात परततो. तळीराम मरणाच्या दारात पोचतो, पण तसूभर बदलत नाही. आणि रामलाल! सुधाकरच्या ज्या विधवा बहिणीला, शरदला, तो मुलीसारखी मानत होता, तिच्याविषयी आपल्या मनात काय चाललं आहे हे ओळखून त्याला स्वतःशीच झगडावं लागतं. त्याला दारू शिवलेलीही नाही, तरी परीक्षा चुकली नाही. व्यसनावरचं नाटक म्हणून आपण याला एका खणात बंद केलं, हा आपला आळस.

आता आपल्या प्रयोगाकडे येतो. पाच अंकांचं नाटक आपण सव्वादोन तासांत बसवलं, कारण दहा वाजता शाळेचे दरवाजे बंद होतात. पदं मोजकीच ठेवली. मदिरा मंडळाच्या बैठकीला कात्री लागली आणि जुनी मंडळी हळहळली. ऑर्गनच्या जागी कीबोर्ड आला. मला स्वतःला तो कीबोर्ड शेवटपर्यंत खटकला, पण तबला प्रत्यक्ष वाजत होता म्हणून गप्प बसलो. मुलांच्या संहिता रोमन लिपीत छापाव्या लागल्या, याचं दुःख त्याहून मोठं आहे. शाळेच्या आवारात दारूची रिकामी बाटलीसुद्धा चालत नाही, त्यामुळे नाव ‘एकच प्याला’ आणि रंगमंचावर बाटली नाही, असा पेच पडला. तो सोडवला आपल्या नेपथ्यवाल्या काकांनी. कागदाच्या लगद्याच्या बाटल्या त्यांनी अशा रंगवल्या की मध्यंतरात शाळेचा रखवालदार खात्री करून घ्यायला आत आला!

काकांबद्दल लिहावं तेवढं थोडं. सत्तरी उलटलेला हा माणूस दिवसभर सेट ठोकतो आणि रात्री उतरवलेला सेट स्वतःच्या गॅरेजमध्ये रचून ठेवतो. वेशभूषा सांभाळणाऱ्या वहिनींनी सिंधूच्या लुगड्याला स्वतः ठिगळं लावली, आणि तीही अशी की शेवटच्या रांगेतून दिसावीत. दिग्दर्शन करणाऱ्या ताईंनी तर तालमींच्या सहा महिन्यांत एकही शनिवार घरी काढला नसेल. ही तीन माणसं नसती तर आपल्याकडे मराठी नाटक उरलंच नसतं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

पात्रनिवडीच्या वेळी एक गंमत झाली. इथे वाढलेल्या सगळ्या मुलींना गीता हवी होती, कारण तळीरामची ही बायको नवऱ्याला फाडफाड बोलते. सिंधू कोणालाच नको होती. शेवटी जिच्या वाट्याला ती आली तिने ताईंशी उघड वाद घातला, ‘ही बाई काहीच करत नाही, नुसती सोसते. मी हिची बाजू कशी घेऊ?’ ताईंनी तिला समजावलं नाही. पहिला आणि शेवटचा अंक पाठोपाठ वाचायला लावला, बस्स.

प्रयोगात त्याचं फळ दिसलं. पहिल्या अंकातली तिची सिंधू श्रीमंत घरातली, थोडी लाडावलेली, हसरी होती. जात्याच्या प्रवेशात ती बसली तेव्हा तिची पाठच वेगळी दिसत होती. (ते जातं दोन कुटुंबांनी एकेक तळी बॅगेत घालून कसं आणलं, ते सर्वांना ठाऊक आहेच.) माहेरच्या पैशाकडे पाठ फिरवलेली बाई कष्टाने मोडलेली नाही, ताठ झाली आहे, हे तिने एकही शब्द न बोलता दाखवलं. दळताना ती पदाची ओळ अर्धी सोडून द्यायची आणि पाळण्याकडे बघून पुन्हा उचलायची. सुरात थोडी कमी पडली असेल, पण त्या थांबण्याने सभागृह तिचं झालं. शेवटी नवऱ्याच्याच हातून घायाळ झालेली सिंधू त्याला वाचवायला फौजदारासमोर धडधडीत खोटं बोलते. पहिल्या अंकातल्या सिंधूला ते जमलं नसतं. तिचा हा निर्णय आजच्या मुलींना पटेल असं नाही, मलाही तो पुरता पटत नाही. पण ती ‘काहीच करत नाही’ असं त्या रात्रीनंतर कोणी म्हणू शकणार नाही.

भगीरथ झालेला अकरावीतला मुलगा ‘तळीराम’ला शेवटपर्यंत ‘तलीराम’च म्हणत राहिला. पुढच्या रांगेतले काही ज्येष्ठ हसले. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की हसू नका. ‘ळ’ शिकवता येतो, नाटकाची हौस शिकवता येत नाही.

खरी काळजी वेगळीच आहे. आपली मुलं रविवारच्या मराठी शाळेत बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत येतात आणि मग दिसेनाशी होतात. त्यांना धरून ठेवायला आपण सिनेमाच्या गाण्यांवर पाच मिनिटांचे नाच बसवतो. नाचाला माझा विरोध नाही. पण जी कला काही मागत नाही ती टिकतही नाही. ज्या मुलीने सिंधूशी भांडण केलं ती यंदा संहिता निवडीच्या समितीवर आपणहून आली आहे. नाच करून गेलेल्यांपैकी कोण आलं, ते ज्याने त्याने आठवून पाहावं.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, त्या आठवणीचा ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्या आठवड्यातल्या शनिवारी पुढच्या नाटकाचं वाचन ठेवलं आहे. पालकांनी मुलांना सोडून परत जाऊ नये, बसून ऐकावं. घरी देवनागरी वाचण्याचा सराव आतापासून सुरू करावा, म्हणजे यंदा रोमन संहिता छापाव्या लागणार नाहीत. आणि काकांना सेट उचलायला चार तरणे हात हवे आहेत. नावं मंडळाच्या सचिवांकडे द्यावीत.