पुनर्वापरित खडीचा टिकाऊपणा : आय.एस. 383 (2016) मधील तरतुदींची लातूरच्या संदर्भात चिकित्सा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत ढिगाऱ्यांचे डोंगर उभे केले. मराठवाड्यात पुनर्वापरित खडीचा विषय निघाल्यावर त्यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. तांत्रिकदृष्ट्या मात्र तो दाखला गैरलागू आहे. माळवदाच्या त्या घरांत काळा दगड आणि माती होती, काँक्रीट नव्हते. खरा प्रश्न पुनर्वसनकाळातील सिमेंटच्या बांधकामांचा आहे. त्यांचे वय आता तिशीच्या पुढे गेले असून ती पाडली जातील तेव्हा निघणारी खडी वेगळ्याच जातीची असेल.

या खडीचे मुख्य दुखणे म्हणजे दगडाला चिकटून राहिलेला जुना मसाला. तो सच्छिद्र असल्याने खडी अधिक पाणी शोषते. नव्या काँक्रीटमध्ये दगड व जुना मसाला आणि जुना व नवा मसाला असे दोन दुबळे सांधे निर्माण होतात. त्यातून आकुंचन वाढते, कर्बवायू व क्लोराइड आत शिरण्यास वाट मिळते आणि अखेरीस सळई गंजते. दाबक्षमतेची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून टिकाऊपणा सिद्ध होत नाही.

आय.एस. 383 च्या 2016 च्या आवृत्तीने काँक्रीटपासून मिळालेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्के, प्रबलित काँक्रीटमध्ये एम-25 पर्यंत 20 टक्के आणि एम-15 पेक्षा कमी प्रतीच्या काँक्रीटमध्ये 100 टक्के वापरण्यास मुभा दिली. खडी आधी भिजवून घेण्याच्या अटीवर 10 टक्क्यांपर्यंतचे जलशोषणही मान्य केले. देखरेख ढिली असलेल्या कामांसाठी ही सावधगिरी योग्यच होय. पण 3 टक्के शोषणाची घासून स्वच्छ केलेली खडी आणि 9 टक्के शोषणाची कच्ची खडी यांना एकाच मापाने मोजल्यावर प्रक्रियेचा खर्च कोणता ठेकेदार करील? जपानी मानकांनी जाड खडीचे 3, 5 व 7 टक्के शोषणमर्यादांनुसार तीन वर्ग पाडून हा पेच सोडविला.

प्रक्रियांपैकी आम्लात भिजविणे प्रयोगशाळेत परिणामकारक दिसते. परंतु हायड्रोक्लोरिक आम्ल वापरल्यास क्लोराइड मागे राहण्याचा धोका असतो आणि धुण्यास भरपूर पाणी लागते. एप्रिल 2016 मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हा मार्ग सुचविणे धाडसाचे ठरेल. केवळ भिजविण्याचे पाणी मात्र फार नसते. घनमीटरला सुमारे 1150 किलो जाड खडी धरल्यास 20 टक्के म्हणजे 230 किलो. 6 टक्के शोषणाने सुमारे 14 लिटर. अडचण पाण्याच्या मात्रेपेक्षा शिस्तीची आहे. कोरडी खडी यंत्रात पडली की मिश्रण घट्ट होते, मिस्त्री वरून पाणी ओततो आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर बिघडते.

त्यामानाने दोन टप्प्यांत पाणी घालून मिश्रण करण्याची व्हिव्हियन टॅम यांची पद्धत सोपी आहे. परळीच्या औष्णिक केंद्रातील राखेचा लेप हाही जवळचा पर्याय आहे. मात्र खडीला चिकटलेला मसाला किती, हे प्रत्येक ढिगागणिक मोजल्याशिवाय यांपैकी कोणतीही प्रक्रिया पुरेशी झाली की नाही, हे ठरविता येत नाही.