ऐकून घेणाऱ्याचे शास्त्र

नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाला आहे. परंतु आपल्याकडील श्रवण बहुधा एकाच दिशेने वाहते. लहानाने मोठ्याचे, शिष्याने गुरूचे, सुनेने सासूचे ऐकावे, अशी ती दिशा. ‘तो ऐकत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा त्याला बहिरेपणा आला असे आपल्याला सुचवायचे नसते. तो सांगितल्याप्रमाणे वागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ऐकणे म्हणजे मानणे हे समीकरण ज्या भाषेत इतके मुरलेले आहे, त्या भाषेच्या वाचकाला कार्ल रॉजर्स यांचा ‘ऑन बिकमिंग अ पर्सन’ हा ग्रंथ प्रथमदर्शनी उफराटा वाटला तर नवल नाही. येथे जाणत्याने ऐकायचे आहे. आणि काही सुचेनासे झाले म्हणून जो दारात आला, त्याने बोलायचे आहे.

१९६१ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ म्हणजे मागील दहा वर्षांतील व्याख्यानांचा व लेखांचा संग्रह. व्यक्तिमत्त्वविकासाच्या पुस्तकांच्या रांगेत तो आजही विकला जातो. पण त्या रांगेतील इतर पुस्तकांसारखे यशाचे नियम त्यात नाहीत, पहाटे उठून करावयाचे संकल्प नाहीत. वाचकाला सुधारण्याची घाई नसलेला असा लेखक विरळा. आणि ही घाई नसणे हे रॉजर्स यांना जन्मतः लाभलेले नव्हते, हे त्यांचे चरित्र पाहिले की ध्यानात येते.

शिकागोजवळच्या ओक पार्क या गावी १९०२ साली एका कर्मठ प्रॉटेस्टंट घरात त्यांचा जन्म झाला. ते बारा वर्षांचे असताना कुटुंब शेतावर राहावयास गेले. मुलाने शेतीशास्त्र शिकावयास घेतले, मग इतिहास. पुढे धर्मोपदेशक व्हावे म्हणून न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत पाऊल टाकले. तेथून ते शेजारच्या कोलंबिया विद्यापीठाच्या शिक्षक महाविद्यालयात गेले आणि मानसशास्त्रज्ञ झाले. उपदेशक होता होता राहिलेला हा माणूस. त्याने पुढे उपदेशाविरुद्धच आयुष्यभर काम केले, यात नियतीची थोडी थट्टा आहे.

१९२८ पासून बारा वर्षे ते रॉचेस्टर येथे वाट चुकलेल्या मुलांसाठी काम करीत होते. त्या काळातील एक प्रसंग त्यांनी या ग्रंथात नोंदविला आहे. एका व्रात्य मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाला तिने लहानपणी मनातून दूर लोटले, हेच दुखण्याचे मूळ, असे तज्ज्ञांनी ठरविले होते. रॉजर्स यांनी परोपरीने, गोड शब्दांत ते तिला पटवून देण्याचा यत्न केला. काही उपयोग झाला नाही. शेवटी दोघांनी हात टेकले. बाई निघाली, दारापर्यंत गेली, आणि मागे वळून तिने विचारले, की येथे मोठ्या माणसांनाही मदत मिळते काय? मिळते असे कळताच ती परत येऊन बसली आणि आपल्या संसाराची, नवऱ्याबरोबरच्या दुराव्याची कहाणी सांगू लागली. मुलाचा इतिहास म्हणून तिने आजवर जे सांगितले होते, त्याचा या बोलण्याशी मेळ नव्हता. खरा उपचार तेव्हा सुरू झाला. कोठे दुखते हे दुखणाऱ्यालाच ठाऊक असते, हा रॉजर्स यांच्या विचाराचा पाया त्या उंबऱ्यावर घातला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील सिद्धांत थोडक्यात सांगता येतो. येणाऱ्याला त्यांनी ‘रोगी’ म्हणणे सोडले व ‘क्लायंट’ म्हटले. वकिलाकडे जाणारे अशील जसे आपल्या दाव्याचे मालक आपणच असते, तसा हा आपल्या आयुष्याचा. ऐकणाऱ्याच्या ठायी तीन गोष्टी हव्यात, असे त्यांनी सांगितले. एक, तो आत एक आणि बाहेर एक असा नसावा. दुसरी, समोरच्याचा स्वीकार विनाअट असावा. तिसरी, त्याचे जग त्याच्याच डोळ्यांनी पाहता यावे, आणि तसे पाहताना आपले डोळे गमावू नयेत. एवढे लाभले की माणूस आपल्या बळावर वाढतो. १९८० सालच्या ‘अ वे ऑफ बीइंग’ या पुस्तकात यासाठी त्यांनी लहानपणच्या तळघरातील बटाट्यांचा दाखला दिला आहे. हिवाळ्यासाठी साठविलेल्या त्या बटाट्यांना अंधारातही फिकट, रोगट कोंब फुटत आणि उंचावरील लहानशा खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे ते धाव घेत. त्यांतून झाड होणार नसते. पण धडपड झाडाचीच असते. बिघडलेल्या माणसाकडे या दृष्टीने पाहणे यात ग्रंथाचे अर्धे सौंदर्य आहे.

या पद्धतीचे विडंबन सोपे आहे, आणि ते पुष्कळ झाले. ‘मला कंटाळा आला आहे’ असे म्हणावे, आणि पलीकडून ‘तुम्हांला कंटाळा आला आहे तर’ असा प्रतिध्वनी यावा! हे पोपटाचेही काम आहे. परंतु रॉजर्स यांचे काम तसे नव्हते, हे पाहावयाचे असेल तर १९६४ साली चित्रित झालेला बोलपट पाहावा. एका घटस्फोटित तरुणीशी रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि आल्बर्ट एलिस हे तिघे त्यात पाठोपाठ बोलतात. आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला पुरुषांशी असलेल्या आपल्या संबंधांविषयी आपण खोटे सांगितले, हे तिच्या मनाला खात असते. खरे सांगितले तर मुलीच्या मनावर काय परिणाम होईल? ती रॉजर्स यांना सरळ उत्तर मागते, एकदा नव्हे, पुनःपुन्हा. ते उत्तर देत नाहीत. तिचे उत्तर तिलाच सापडावे म्हणून सोबत करतात. प्रथम वाटते, ही टाळाटाळ आहे. मग ध्यानात येते, की तिला मनातून उत्तर ठाऊक आहे. हवी आहे ती दुसऱ्याची परवानगी. ती न देणे हाच येथे आदर आहे. उत्तर देणे कितीतरी सोपे झाले असते.

येथवर मान डोलवावी. परंतु समीक्षकाला मान डोलावून थांबता येत नाही. १९५७ च्या एप्रिलमध्ये मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांच्याशी रॉजर्स यांचा जाहीर संवाद झाला. आपण व आपला क्लायंट त्या क्षणी समान असतो, अशी रॉजर्स यांची श्रद्धा. वृद्ध बूबर यांनी ती सौम्यपणे पण ठामपणे नाकारली. तो तुमच्याकडे मदतीसाठी आला आहे, तुम्ही त्याच्याकडे गेलेला नाहीत. तुम्ही त्याच्या बाजूने पाहू शकता, तो तुमच्या बाजूने पाहू शकत नाही. हे अंतर तुमच्या सद्भावाने मिटणारे नाही, असा त्यांचा आक्षेप होता. आणि माणसाला पूर्णपणे आपले म्हणायचे तर कधी कधी त्याच्याविरुद्ध त्याचीच बाजू घ्यावी लागते, असेही त्यांनी सुचविले. माझ्या मते या वादात बूबर यांचे पारडे जड आहे. त्याची साक्ष तो बोलपटच देतो. शेवटी ती तरुणी म्हणते, की तुमच्यासारखे वडील मला हवे होते; आणि रॉजर्स उत्तरतात, की तूही मला छान मुलगी वाटतेस. समानतेचा सिद्धांत तेथे बाजूला पडला आणि एक जुने, असमान, मायेचे नाते पुढे आले. तो क्षण सिद्धांताहून मोठा आहे.

दुसरी मर्यादा रॉजर्स यांच्या स्वतःच्या प्रयोगाने दाखविली. विस्कॉन्सिनमध्ये स्किझोफ्रेनियाने ग्रासलेल्या इस्पितळातील रुग्णांवर त्यांनी ही पद्धत वापरून पाहिली. १९६७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार मिळालेला गट एकंदरीत स्पष्टपणे सरस ठरला नाही. जेथे बोलण्याचा धागाच तुटलेला असतो, तेथे केवळ ऐकणे अपुरे पडते. परंतु ज्या माणसाने १९४२ साली एका संपूर्ण उपचाराचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर शब्दशः छापून आपले काम जगापुढे उघडे ठेवले, त्यानेच हे अपयशही मांडावे, हे त्याच्या शीलाला साजेसे झाले.

त्या बोलपटातील तिघांपैकी एलिस यांचा विवेकवाद कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाच्या चांगला परिचयाचा झाला. हे स्वाभाविक आहे. आगरकरांच्या वाचकाला युक्तिवाद आवडतो. चुकीचा विचार खोडून काढणारा एलिस त्याला घरचा वाटतो. न खोडता ऐकणारा रॉजर्स मात्र परकाच राहिला. तरी आपल्या घरांना उणीव कशाची आहे, हे ज्याने त्याने पाहावे. मुलगा परीक्षेत नापास होतो, मुलगी नोकरी सोडते, म्हातारे वडील अचानक अबोल होतात. वाक्य पुरे होण्याआधी घरातील चार जण सल्ला देऊन मोकळे झालेले असतात. आई ही समुपदेशक नव्हे, आणि तिने होऊही नये. मुलाला रागे भरण्याचा, अडविण्याचा तिचा अधिकार रॉजर्स यांच्या तीन अटींत बसत नाही, आणि तो तिने सोडावा असे सांगणे हा त्या अटींचा अतिरेक होईल. पण अडविण्याआधी आपण कोणाला अडवीत आहोत, हे तरी कळावयास हवे; आणि ते विचारून कळत नाही, ऐकून कळते.

माणूस मुळात चांगला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर रॉजर्स यांनी आशेने दिले. ते सर्वांना पटेलच असे नाही. परंतु ऐकणे हे कष्टाचे काम आहे, ते शिकावे लागते, आणि मोठ्यांनाही शिकावे लागते, हे त्यांनी जे दाखविले ते खोडता येण्याजोगे नाही. ग्रंथ वाचावा तो यासाठी.