गायनस्पर्धा आणि घरची बैठक

दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांचा रंग ओसरला, कारण पूर्वीसारखे गळे राहिले नाहीत, असा आक्षेप हल्ली वारंवार ऐकू येतो. आम्हांस तो मान्य नाही. २००८-०९ साली 'सारेगमप लिटिल चॅम्प्स' चालू असता आमच्या मेडशीस, भारनियमनातून वीज टिकली तर, आजीपासून नातवापर्यंत सारे घर एकाच संचापुढे बसे. कार्तिकी गायकवाड विजयी झाली, तेव्हा आर्या आंबेकरचा पक्ष घेणाऱ्यांनी घातलेला वाद ही त्या घराची संगीतसमीक्षाच होय. २०२१ साली वाहिनीने तेच पाच अंतिम स्पर्धक परीक्षकांच्या आसनावर बसविले. तरी आमच्या मते तो जुना उल्हास परतला नाही. मधल्या काळात प्रत्येकाच्या हाती भ्रमणध्वनी आला, आणि आवडता तुकडा ज्याचा त्याने एकांतात ऐकावा, अशी रीत पडली. परीक्षकांच्या स्तुतीचा अतिरेक हा या स्पर्धांचा जुनाच दोष. परंतु आजीच्या एका 'हूं'ने ती स्तुती जागच्या जागी खोडली जाई. रसिकता घडते ती अशा खोडण्यातून. आज गाणारे पुष्कळ आहेत. 'हूं' म्हणणारी आजी मात्र शेजारी बसलेली नाही. तिला पुन्हा बोलावून आणणे हे वाहिनीचे काम नव्हे, आपले आहे.