कान्हेरीचा डोंगर आणि आपली सहलवर्णने

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून आणि नाताळ विशेषांकांतून सहलवर्णन हा प्रकार नेमाने आढळतो. त्यातही बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची सहल विशेष आवडती. वसईकरांना आणि साष्टीतल्या मंडळींना ती एका दिवसाची वाट. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे डोंगराळ अरण्य महानगराला अगदी खेटून उभे आहे. परंतु असे चार लेख एकापाठोपाठ एक वाचले की मन अस्वस्थ होते. पहाटेची बस, गाडीत म्हटलेली रोझरी, माकडाने पळवलेला खाऊ आणि शेवटी कान्हेरीच्या पायऱ्यांवर ‘परमेश्वराची अगाध लीला!’ हा उद्गार, एवढ्यावर लेख आटोपतो. त्यातील बोरिवलीचे नाव खोडून माथेरानचे घातले तरी मजकुराला धक्का लागत नाही. वाङ्मय म्हणून हा दोष आहेच. श्रद्धावंताचे लेखन म्हणून तो मला अधिक गंभीर वाटतो. जे आपण नीट पाहिलेच नाही, त्याबद्दल निर्मात्याची केलेली स्तुती कितपत खरी मानावी?

उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाला सोपवलेल्या आरंभीच्या कामांपैकी एक काम प्राणिमात्रांना नावे देण्याचे आहे. आपल्या लेखकांच्या अरण्यात मात्र ‘उंचच उंच वृक्ष’ असतात, ‘रंगीबेरंगी पक्षी’ असतात. त्यांना नाव नसते. पळस, पांगारा, काटेसावर हे शब्द आपल्या आजी-आजोबांच्या नित्य बोलण्यातले. सात-आठ वर्षांतून एकदाच डोंगर जांभळा करणारी कारवीही त्यांच्या परिचयाची, कारण तिच्या काठ्यांनीच कुडाच्या भिंती उभ्या राहत. दोन पिढ्यांत हा शब्दसंग्रह आपण गमावला आणि त्याच्या जागी विशेषणे आणून बसवली.

याउलट व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’ पाहावे. लेखक विदर्भातल्या त्या अरण्यात मुक्काम करून राहतो, पायी हिंडतो, पाण्याशी येणाऱ्या जनावरांची वाट पाहत गप्प बसतो. उद्गारचिन्हांची त्याला गरज भासत नाही. जे दिसले ते त्याच्या नावानिशी सांगितले की आश्चर्य वाचकाच्या मनात आपोआप उमटते. कोणी म्हणेल, आम्हाला संध्याकाळच्या आत घरी परतायचे असते. माडगूळकरांची सवड आम्ही कुठून आणावी? आक्षेप रास्त आहे. म्हणून आपल्यासारख्याच एका धावत्या पाहुण्याचे उदाहरण घेऊ.

पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कौतो यांनी आपल्या बखरीच्या पाचव्या दशकात कान्हेरीच्या भेटीची हकीकत दिली आहे. एकसंध खडकात कोरलेली दालने पाहून ते थक्क झाले. त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे नाही. त्या काळच्या कान्हेरीविषयी एक कथा प्रचलित होती: आंतोनियो दो पोर्तो नावाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू तिथल्या भुयारात सात दिवस चालले, तरी शेवट लागला नाही. ही ऐकीव गोष्टही कौतो गंभीरपणे नोंदवतात. तरीही त्यांनी एक काम केले, जे आपल्या सहलवर्णनकारांना सुचत नाही. त्यांनी साष्टीतल्या एका अतिशय वृद्ध माणसाला विचारले, ‘हे कोणी केले?’

म्हाताऱ्याने दिलेले उत्तर विलक्षण आहे. संत जोसाफात याच्या पित्याने, मुलाला जगापासून दूर वाढवण्यासाठी हे काम करवले, असे तो निःशंकपणे म्हणाला. बार्लाम आणि जोसाफात यांची कथा मध्ययुगीन युरोपात घरोघरी ठाऊक होती: हिंदुस्थानातील एका राजाचा पुत्र, त्याच्याविषयीचे भविष्य, महालातला एकांतवास, रोग, वार्धक्य आणि मृत्यू यांचे दर्शन, आणि मग वैराग्य. रोमन संतनामावलीत या दोघांचा दिवस २७ नोव्हेंबर असा नोंदलेला होता. ही कथा आणि बुद्धचरित्र यांतील साम्य कौतो यांनी ओळखले. जोसाफात हाच येथील लोकांचा बुद्ध असावा, असे त्यांनी लिहून ठेवले. पुढे १८५९–६० च्या सुमारास युरोपीय अभ्यासकांनी या प्रकरणाचा उलगडा केला. बोधिसत्त्व हा शब्द इराणी, अरबी, जॉर्जियन, ग्रीक अशा भाषांतून प्रवास करताना रूप बदलत ‘जोसाफात’ झाला होता. बुद्धाचेच चरित्र ख्रिस्ती संतचरित्र होऊन परत आले होते.

‘संत’ जोसाफात हे नाव ज्याच्या तोंडी सहज आले, तो वृद्ध बाप्तिस्मा घेतलेला असावा असे मला वाटते. तसे असेल तर तो आपल्याच पूर्वजांपैकी एक. नव्या धर्मात ऐकलेली कथा त्याने आपल्या जुन्या डोंगराशी जोडली आणि, नकळत का होईना, ती तिच्या मूळ घराच्या अगदी जवळ आणून ठेवली. कौतो यांनी त्याचे उत्तर जपले, त्याचे नाव मात्र लिहिले नाही. त्यांच्या लेखनातील ही उणीव मला भुयाराच्या कथेपेक्षा मोठी वाटते.

आपल्या लेखनात तर तो वृद्ध औषधालाही सापडत नाही. सोळाव्या शतकात कान्हेरीचा चैत्य संत मायकलचे मंदिर करण्यात आला होता, हेही आपण सांगत नाही. अभिमानाने सांगावे की संकोचाने, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःशी सोडवावा. पण त्या चैत्यासमोर उभे राहून ‘आपला याच्याशी काय संबंध’ असे लिहिणे तरी खरे ठरणार नाही.

आजही या अरण्यात आदिवासी पाडे आहेत, तिथे वारली कुटुंबे राहतात. आपल्या वर्णनांत ती आली तर काकड्या-बोरे विकणारी म्हणून येतात. २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी, अशा भूमिपुत्रांच्या जमिनीविषयी काही ठरवायचे तर संवादात त्यांचे स्थान प्रमुख असले पाहिजे, असे सांगितले. परिपत्रकाचा गौरव करणारे लेख आपल्या अंकांत पुष्कळ आले. त्याच अंकांतील सहलवर्णनांत मात्र बोरे विकणारीला कोणी एक प्रश्नही विचारलेला नाही.

तेव्हा पुढील सहलीचा वृत्तांत लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती. कान्हेरीच्या वाटेवर एका झाडाचे नाव विचारून घ्यावे, खडकात कोरलेल्या पोढीतले पाणी कुठून येते ते वाकून पाहावे, आणि पाड्यावरच्या एखाद्या वृद्धाशी घटकाभर बोलावे. त्याची परवानगी असेल तर त्याचे नावही लिहावे. परमेश्वराची लीला मग निराळी सांगावी लागणार नाही.