हग्गादा आणि मुलांचे हिब्रू

पुण्यास १८७४ साली शिळाछापावर निघालेला हग्गादा हा बेने इस्राएलांचा विधिग्रंथ खरा. परंतु बालशिक्षणाचे पुस्तक म्हणूनही त्याची परीक्षा होणे अगत्याचे आहे. वल्हांडणाच्या रात्री प्रश्न विचारावयाचे ते घरातील सर्वांत लहान मुलाने. हिब्रूबरोबर मराठी भाषांतर दिल्यामुळे, आपण काय विचारीत आहो हे त्यास कळण्याची सोय झाली. लाभ मोठाच. तथापि अर्थ कळणे म्हणजे अक्षर येणे नव्हे. आलेफ व आयिन यांचा भेद मराठी कानास जाणवत नाही. स्वरचिन्हे आपल्या उकाराप्रमाणे बहुधा अक्षराखाली बसतात, हे सोयीचे साम्य शिक्षकानेच दाखवावयास हवे. भाषांतर सुबोध असले की मूळ वाचण्याची निकड मुलास भासत नाही, ही खरी अडचण. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर प्रभृतींनी मुंबईत काढलेल्या इस्राएली शाळेतील हिब्रूचे अध्यापनही याच अंगाने तपासले पाहिजे.