लिंगोला ‘संत’ कोणी केलं?

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यातल्या दरेकसा स्टेशनवर उतरणाऱ्या कुणालाही विचारा, लिंगो कोण? उत्तर सरळ येईल: गुहेत कोंडलेल्या आपल्या माणसांना सोडवणारा. हाच प्रश्न 1871 साली लंडनमध्ये छापलेल्या एका पुस्तकाला विचारला, तर उत्तर येतं ‘सेंट लिंगो’. आजच्या लेखाचा विषय या दोन उत्तरांमधलं अंतर आहे. लोकसाहित्यावर, आदिवासी साहित्यावर किंवा भाषांतरावर सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर हे अंतर तुम्हालाही मोजावं लागणार आहे.

आधी कागद कुठून आला ते बघू. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी 1845 मध्ये नागपूरला आले. धर्मप्रचार करता करता त्यांनी गोंडांची माहिती आणि गाणी जमवली. लिंगोचं दीर्घ गीत त्यांना एका परधानाकडून मिळालं. परधान म्हणजे गोंडांच्या कथा पिढ्यान् पिढ्या गाऊन जपणारे लोक. 1863 मध्ये हिस्लॉप बुडून वारले, तेव्हा कागद अपुरेच होते. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून 1866 मध्ये छापले. पुढे जंगलखात्यात काम केलेले कॅप्टन जेम्स फोर्सिथ यांनी तेच गीत आटोपशीर करून इंग्रजी पद्यात आणलं आणि ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ या आपल्या पुस्तकात घातलं. शीर्षक दिलं ‘द ले ऑफ सेंट लिंगो’.

म्हणजे गाणारा परधान, जमवणारा मिशनरी, छापणारा प्रशासक आणि कविता करणारा अधिकारी. चार हात झाले. आपण बहुतेक वेळा चौथ्या हातातलं वाचतो आणि पहिल्याबद्दल बोलतो.

फोर्सिथ यांनी निवडलेला छंद बघा. तो लाँगफेलोच्या ‘हायावाथा’चा (1855) आहे. अमेरिकेच्या सरहद्दीवरचा हा प्रेमाचा आणि पराक्रमाचा काव्यग्रंथ. त्याच्या शेवटी मूलनिवासी नायक ख्रिस्ती धर्मोपदेशकांचं स्वागत करतो आणि स्वतः पश्चिमेकडे निघून जातो. तो ठेका कानात बसलेल्या इंग्रज वाचकाला मध्य भारताचं जंगल आपोआप ‘सरहद्द’ वाटणार, आणि लिंगो आपल्या लोकांना वाट दाखवून मावळणारा भला रानटी नायक. छंदसुद्धा अर्थ घेऊन येतो, तो असा.

आता कथा. हिस्लॉप यांच्या पाठात धवलगिरीवर जमलेल्या गोंडांच्या वासाला महादेव वैतागतो आणि त्यांना गुहेत कोंडतो. चौघे तेवढे निसटतात. पार्वतीला मात्र त्या वासाची आठवण येते, ती तप करते, आणि त्यातून पुढे फुलातून लिंगो जन्मतो. तो चौघा भावांबरोबर राहतो. रिकाड गवडी नावाच्या राक्षसाला वाद्य वाजवून नाचवतो आणि त्याच्या सात मुली भावांसाठी आणतो, स्वतः लग्न करत नाही. भावजया त्याच्या मागे लागतात. तो झिडकारतो, तेव्हा खोटा आळ घेतात. भाऊ त्याला मारतात, डोळे काढून गोट्या खेळतात. देव अमृत पाठवतो, लिंगो उठतो. मग सोळा विसा, म्हणजे 320 गोंडांना गुहेतून सोडवतो, त्यांच्या शाखा लावून देतो आणि नाहीसा होतो.

निरपराध माणूस मारला जातो, पुन्हा उठतो, लोकांना तारतो, अदृश्य होतो. बायबल पाठ असलेल्या वाचकाला इथे काय दिसलं असेल हे सांगायला नको. खोट्या आळाचा प्रसंग तर उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाची आठवण करून देतो. पण घाई करू नका. असा आळ पंजाबच्या पूरन भगताच्या कथेतही आहे. नुसत्या साम्यावरून ‘मिशनरी प्रभाव’ सिद्ध होत नाही.

उलट जवळून वाचलं, तर ख्रिस्ती साचा दोन ठिकाणी बसतच नाही, आणि माझ्या मते खरी गंमत तिथेच आहे.

पहिली जागा पापाची. ख्रिस्ती तारणात माणूस आपल्या पापातून सुटतो. इथे गोंडांनी पाप काय केलं? त्यांचा वास एका बलवान देवाला आवडला नाही, एवढंच. गुहा ही दुसऱ्याच्या किळसेतून झालेली कैद आहे. त्यामुळे पश्चात्ताप करण्यासारखं कुणाकडे काही नाही.

दुसरी जागा क्षमेची. उठल्यावर लिंगो भाऊ कुठे म्हणून विचारतो, त्यांनीच मारलं हे त्याला कळतं, आणि तो कोंडलेल्या गोंडांच्या शोधाला लागतो. सूड घेत नाही, पण माफीचं प्रवचनही देत नाही. कथेचं लक्ष गुन्हेगारांवरून कैद्यांवर जातं. याला ‘क्षमाशील संत’ म्हणणं म्हणजे कथेने मोकळी ठेवलेली जागा आपण भरणं.

म्हणून मराठीत लिहिताना शब्द जपून निवडा. ‘तारण’ लिहिलंत की बायबलचं मराठी आलं. ‘उद्धार’ लिहिलंत की पुराणांचं. मी साधा ‘सुटका’ वापरते. शिळा सरकली, माणसं बाहेर आली, एवढंच तो शब्द सांगतो.

याचा अर्थ हिस्लॉप यांचा पाठ टाकाऊ आहे का? अजिबात नाही. त्यात पुनरावृत्ती भरपूर आहे, वाचताना कंटाळा येतो, पण गाणाऱ्याची चाल त्यातच जाणवते. फोर्सिथ वाचायला सोपे, पण ती चाल तिथे हरवली. मात्र हिस्लॉप यांचा पाठही ‘शुद्ध’ नाही. महादेव, पार्वती, भस्मासुर आधीच आत आले आहेत. आणि कचारगडला आज सांगितली जाणारी कथाही एका हेतूने घडली आहे. मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलेल्या कोया पुनेमच्या रूपात जंगो रायताड ही स्त्री आहे, गुहा उघडताना जीव गमावणारा हिरासुका पाटालीर आहे. इथे सुटका एकट्या तारणहाराची नाही, अनेकांची आहे. एका जनसमूहाला आज स्वतःविषयी काय म्हणायचं आहे, ते या बदलातून दिसतं. त्याला ‘नंतरची भर’ म्हणून बाजूला सारायचं असेल, तर तोच निकष 1866 च्या छापील पानालाही लावा.

तुमच्या कामासाठी यातून एक सवय घ्या. कोणतंही लोकगीत उद्धृत करण्याआधी ते किती हातांतून आलं याची यादी करा, आणि प्रत्येक नावासमोर लिहा: याने काय जपलं, काय बदललं, कोणासाठी. ती यादी सिनॉप्सिसच्या पहिल्या प्रकरणात आली, तर व्हायवात ‘मूळ पाठ कोणता?’ या प्रश्नाला घाबरायचं कारण राहणार नाही. मूळ पाठ हातात नाही, हे तुम्ही आधीच पुराव्यासकट मांडलेलं असेल.