दालचिनी, उपसंपदा आणि आधुनिक जग

क्रिस्टोफर बेली यांचा ‘द बर्थ ऑफ द मॉडर्न वर्ल्ड’ हा १७८० ते १९१४ या कालखंडावरील ग्रंथ २००४ साली प्रसिद्ध झाला. आधुनिक जग युरोपात जन्मले आणि तेथून इतरत्र पोहोचविले गेले, ही पाठ्यपुस्तकांतून गिरविली गेलेली मांडणी ज्या ग्रंथांनी खिळखिळी केली, त्यांत याचे स्थान मोठे आहे. केनेथ पोमरान्झ यांनी २००० साली चीनमधील यांगत्से नदीच्या मुखाकडील प्रदेशाची इंग्लंडशी तुलना करून दाखविले होते की, अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोहोंच्या राहणीमानात फारसे अंतर नव्हते; इंग्लंडला पुढे नेले ते हाताशी असलेल्या कोळशाने आणि अमेरिकेतील वसाहतींनी. बेली यांचा आवाका याहून विस्तृत आहे. ते पोशाखापासून राज्यसंस्थेपर्यंत सर्वत्र जगाचे परस्परसंबंध शोधतात आणि धर्मालाही त्यात प्रशस्त जागा देतात.

धर्माविषयीचा त्यांचा निष्कर्ष लक्षणीय आहे. एकोणिसाव्या शतकात धर्म मागे हटला नाही. तो विस्तारला, छापखाना व शाळा यांच्या आधारे अधिक बांधीव झाला आणि निरनिराळे धर्म बाह्यतः एकमेकांसारखे दिसू लागले. १८७३ चा पानदुरा येथील वाद, १८९१ ची महाबोधी सभा, १८९३ ची शिकागोची सर्वधर्मपरिषद या घटना या चौकटीत सहज बसतात. परंतु या सहजतेतच एक धोका आहे. तीत बौद्धांची भूमिका बहुधा उत्तर देणाऱ्याची राहते. मिशनरी प्रश्न विचारतो आणि भिक्खू त्याच्याच साधनांनी उत्तर देतो. केंद्र एकच नाही असे म्हणूनही पहिली चाल युरोपकडेच राहते.

ही चौकट एका उदाहरणावर पारखून पाहू. अठराव्या शतकाच्या मध्यास श्रीलंकेत उपसंपदेची परंपरा खंडित झाली होती. सामणेर होते, पण उपसंपदा देण्यास आवश्यक तेवढे भिक्खू नव्हते. कँडीचा राजा कीर्ती श्री राजसिंह याच्या काळी १७५३ साली सयामातील अयुथ्येहून उपाली महाथेर व त्यांचे सहकारी भिक्खू आले आणि सियाम निकाय स्थापन झाला. कँडीच्या राज्याच्या ताब्यात बंदर नव्हते. किनारा डच कंपनीचा होता. म्हणून हा भिक्खुसंघ डचांच्या जहाजातून आला. कंपनीला कँडीच्या मुलखातील दालचिनी हवी होती आणि त्यासाठी राजाची मर्जी राखणे भाग होते. प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांनी भिक्खूंना समुद्रपार आणावे, हा जागतिक इतिहासाच्या अभ्यासकाला मोहविणारा प्रसंग आहे.

जहाज का मिळाले, हे या इतिहासावरून कळते. मात्र जहाज कशासाठी हवे होते, हे कळण्यास विनयपिटकच उघडावे लागते. महावग्गात सोण कुटिकण्णाची कथा आहे. अवंती-दक्षिणापथात भिक्खू विरळ. त्याच्या उपसंपदेसाठी दहा भिक्खू जमविण्यास महाकच्चानांना तीन वर्षे लागली. पुढे भगवंतांनी सीमावर्ती जनपदांत विनयधरासह पाच भिक्खूंच्या संघाने उपसंपदा देण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे एकटा मनुष्य कितीही विद्वान असला तरी तो भिक्खू घडवू शकत नाही. त्यासाठी गण लागतो आणि तो नसेल तर जेथे असेल तेथून आणावा लागतो. कँडीहून अयुथ्येला जाणारा मार्ग या नियमाने आखला होता. डचांनी केवळ शिडे पुरविली.

थोड्याच वर्षांत सियाम निकायाची उपसंपदा गोविगम या वरिष्ठ जातीपुरती मर्यादित झाली. विनयात याला कसलाही आधार नाही. चुल्लवग्गात शाक्यकुमार स्वतःच विनंती करतात की, आमचा अभिमान गळावा म्हणून उपाली न्हाव्याला आमच्याआधी प्रव्रज्या द्यावी. आणि ज्या महाथेरांमुळे हा निकाय उभा राहिला, त्यांचे नावही उपालीच होते!

यानंतरचा भाग अधिक महत्त्वाचा. किनारपट्टीवरील सलागम जातीवर दालचिनी सोलण्याची सक्ती होती. परंतु त्याच व्यापारातून या जातीतील काही घराणी संपन्न झाली. १७९६ साली किनारा इंग्रजांकडे गेला. १७९९ च्या सुमारास अंबगहपिटिये ञाणविमल हे सामणेर काही सहकाऱ्यांसह ब्रह्मदेशास निघाले, अमरपुरा येथे त्यांनी उपसंपदा घेतली आणि १८०३ साली ते ब्रह्मी भिक्खूंसह परतले. बालपिटिय येथे मादू नदीत नावा एकत्र बांधून, उदकुक्खेपसीमेत, त्यांनी उपसंपदाकर्म केले. जमिनीवर कँडीच्या राजाची किंवा सियाम निकायाची अनुमती लागली असती की नाही, हा प्रश्नच पाण्याने निकालात काढला. अमरपुर निकाय येथून सुरू होतो.

यात पुरावा दोन्ही बाजूंचा आहे, हे मान्य केले पाहिजे. दालचिनीची जागतिक बाजारपेठ नसती तर प्रवासाचा खर्च कोठून आला असता? किनाऱ्यावर कँडीच्या राजाची सत्ता असती तर हे कर्म निर्वेध पार पडले असते काय? बेली यांची पद्धत हे दोन प्रश्न उत्तम रीतीने विचारू शकते. पण संपन्न झालेल्या जातीने तो पैसा सरकारी मान-पदवीऐवजी किंवा धर्मांतराऐवजी अमरपुरेच्या प्रवासावर का खर्च केला, याचे उत्तर बाजारपेठेत नाही. सलागमांना हवी होती ती विनयसंमत समता, आणि ती देण्याचा अधिकार लंडनला वा ॲमस्टरडॅमला नव्हता. मिशनऱ्यांशी जाहीर वाद सुरू होण्यापूर्वी कित्येक दशके घडलेली ही चाल कोणाचे उत्तर म्हणता येत नाही.

आपल्याकडील वक्त्यांनाही येथे एक शब्द सांगितला पाहिजे. भगवान बुद्ध मूळचेच आधुनिक होते, असे म्हणून ते हा सारा इतिहास ओलांडून जातात. अमरपुर निकाय जातिबंधनाविरुद्ध उभा राहिला, पण पुढे त्याच्यातही सलागम, करावा, दुरावा अशा जातींनुसार उपशाखा पडल्या. १८६४ साली स्थापन झालेल्या रामञ्ञ निकायाने जातीचा आधार घेतला नाही, तरी सियाम निकायातील बंधन त्यामुळे सुटले नाही. बाह्य एकरूपतेबरोबर अंतर्गत गुंतागुंत वाढते, हे बेली यांचे म्हणणे येथे अचूक लागू पडते. फक्त येथील गुंतागुंत कारखान्यातून आली नव्हती, ती जुन्या जातिव्यवस्थेचीच होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली बौद्ध परिषदेच्या निमित्ताने श्रीलंकेत गेले, तेव्हा तेथील संघ असा निकायांत विभागलेला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी मूळच्या आराकानच्या महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण-पंचशील घेतले आणि त्यानंतर समोरच्या लाखो लोकांना स्वतः धम्मदीक्षा दिली. विनयात उपासकाला दीक्षा देण्यासाठी गणाची अट नाही. तीन शरणे पुरतात. सलागमांना ज्यासाठी समुद्र ओलांडावा लागला आणि नावा बांधाव्या लागल्या, तो अडथळा या वाटेवर नव्हता. हा फरक विनयातून येतो, आणि जागतिक इतिहासाच्या पुढील ग्रंथकाराला तो समजून घ्यावयाचा असेल तर पाली शिकावी लागेल.